जेऊरचा कॅमेरा आणि तळणीचा कॅमेरा

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ हे पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचे तालुक्याचे गाव. पंढरपूरची वाट येथून फुटते, नागनाथाच्या यात्रेला येथे माणूस लोटतो, आणि लग्नसराईत मंगल कार्यालये रिकामी मिळत नाहीत. अशा गावांतून गेली वीस-पंचवीस वर्षे एक नवाच प्रश्न घराघरांत शिरला आहे. मुलाचे मन शेतात रमत नाही. लग्नांचे, बारशांचे, यात्रेचे फोटो काढण्याचा धंदा करीन म्हणतो. कांद्याची पट्टी हातात आलेली असते, तिच्यातून बियाण्याचे आणि सोसायटीच्या हप्त्याचे बाजूला काढून जे उरते ते त्याच्या हाती द्यायचे असते. तेव्हा डिजिटल एसएलआर कॅमेरा घ्यायचा तो कोणता?

दुकानदार आकड्यांनी उत्तर देतो. इतके मेगापिक्सेल, इतकी किंमत, इतक्या वर्षांची हमी. मित्र कंपनीच्या नावाने उत्तर देतात. कोणी निकॉनचा पक्ष घेतो, कोणी कॅननचा, आणि वाद भावकीच्या वादासारखा चिघळतो. बापाला यातले काही कळत नाही. तो एवढेच विचारतो, ‘‘पण याने तुझे काम होईल ना?’’ माझ्या मते या सगळ्या चर्चेत शहाणपणाचा प्रश्न तेवढा एकच असतो, आणि नेमके त्याचेच उत्तर कोणी देत नाही.

हा प्रश्न डिजिटल कॅमेऱ्याबरोबर जन्माला आलेला नाही. तो छायाचित्रणाच्या कलेइतकाच जुना आहे, आणि आपल्या मुलुखाने त्याला वेळोवेळी मोठी समर्पक उत्तरे दिलेली आहेत. त्यांतले एक उत्तर तर मोहोळच्याच लोहमार्गावर, याच जिल्ह्यातील एका स्टेशनाजवळच्या माळावर दिले गेले. ती हकीकत सांगावी आणि तिच्या उजेडात आजचा प्रश्न पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

फ्रान्समध्ये दागेर याची युक्ती १८३९ साली जाहीर झाली. मोहोळ तालुक्यातील आष्टीची लढाई त्याच्या एकवीस वर्षे आधीची, २० फेब्रुवारी १८१८ ची. त्या रणात बापू गोखले पडले. त्यांचा चेहरा आपल्याला फार तर चित्रकाराच्या हातून माहीत. कॅमेऱ्याच्या डोळ्याने पाहिलेला नाही. पेशवाईची शेवटची माणसे या साधनाला थोडक्यात चुकली, ही हळहळ महाराष्ट्राच्या इतिहासाच्या प्रत्येक वाचकाला कधी ना कधी वाटलेली असेल. पुढच्या पिढीचे तसे झाले नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातील अग्रणी छायाचित्रकारांपैकी एक होते.

त्या काळी निवड कॅमेऱ्याच्या पेटीची नसून पेटीत काय घालायचे याची असे. दोन मार्ग होते. एक कागदाचा आणि दुसरा काचेचा. काचेची रीत १८५१ मध्ये स्कॉट आर्चर याने शोधली. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, तो चांदीच्या द्रावणात बुडवायचा, आणि ओला असतानाच चित्र घेऊन तेथल्या तेथे धुऊन काढायचे. थर वाळला की काच वाया. चित्र मात्र असे स्वच्छ येई की कपाळावरची आठीदेखील मोजून घ्यावी. कागदाच्या चित्राला ती धार नव्हती आणि त्याला वेळही पुष्कळ लागे. पण कागद आधी तयार करून बरोबर नेता येई, आणि अंधाऱ्या तंबूचे बिऱ्हाड कॅमेऱ्यापाशी मांडून बसावे लागत नसे.

१८५५ मध्ये कॅप्टन टॉमस बिग्ज या तोफखान्याच्या अधिकाऱ्याला कंपनी सरकारने मुंबई इलाख्यातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले. तो विजापूर, बदामी, ऐहोळे या भागांत हिंडला. त्याने कागद निवडला. कारण उघड आहे. घुमट हलत नाही, लेण्याला पापण्या लवायच्या नसतात. चित्राला मिनिटे लागली तरी बिघडत नाही. उलट कोसच्या कोस वाटचाल, ऊन, धूळ आणि पाण्याची टंचाई यांत ओली काच सांभाळणे हेच संकट. १८६६ साली विजापूरच्या वास्तुशिल्पावर जो ग्रंथ निघाला त्यात बिग्जची चित्रे आहेत. तेच मुंबईत माणसांचे चेहरे टिपायचे असते, तर कागदाने त्याचा घात केला असता. बसलेला माणूस मिनिटभर स्थिर राहत नाही, आणि घरात पाणी व अंधारी खोली हाताशी असते. तेथे काचच हवी. एकाच वर्षी, एकाच इलाख्यात, एकाचे शहाणपण ते दुसऱ्याचे अडाणीपण ठरले असते. फरक विषयाचा होता, साधनाच्या मोठेपणाचा नव्हता.

पुढे पाच वर्षांनी, १८६० साली, ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग मोहोळवरून सोलापूरला पोहोचला; १८६३ मध्ये बोरघाट खुला झाल्यावर तो सलग मुंबईशी जोडला गेला. याच मार्गावर कुर्डुवाडीच्या अलीकडे, करमाळा तालुक्यात जेऊर नावाचे लहानसे स्टेशन आहे. शके १८१९ च्या पौष अमावास्येला, म्हणजे २२ जानेवारी १८९८ रोजी, शनिवारी माध्यान्हीच्या सुमारास या जेऊरवर दोन मिनिटे जगातल्या ज्योतिषशास्त्राचे डोळे खिळले होते.

त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होते. चंद्राच्या सावलीचा पट्टा कोकणच्या किनाऱ्यावर विजयदुर्गापाशी उतरला आणि सह्याद्री ओलांडून जेऊर, वऱ्हाड, वर्धा, नागपूर असा ईशान्येला बिहारपर्यंत गेला. मोहोळ या पट्ट्याच्या बाहेर पडले. जेऊरपासून ते सरळ रेषेत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आग्नेयेला. तेथे सूर्याचा मोठा भाग झाकला गेला तरी एक कोर उरली, ग्रहण खंडग्रासच राहिले. त्या अंतराने काय फरक पडतो हे ज्याने खग्रास पाहिले असेल त्यालाच कळेल. सूर्याची शेवटची कोर लोपल्याशिवाय त्याच्या भोवतीचे मोतिया रंगाचे प्रभामंडल दिसतच नाही.

काळ बरा नव्हता. १८९६-९७ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्याने नुकताच भोगला होता, आणि मुंबई इलाख्यात प्लेगचे थैमान चालू होते. पुण्यात रँडचा वध होऊन वर्षही झाले नव्हते. तरी देशोदेशीचे ज्योतिषी आले. कारण जानेवारीत दख्खनचे आकाश निरभ्र असते, आणि आगगाडीमुळे जड पेट्या माळापर्यंत नेता येत होत्या. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर उतरला. वर्ध्याजवळ पुलगावला न्यूऑल आणि हिल्स. वऱ्हाडात तळणीला ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी. बिहारात बक्सरला त्याच संस्थेची दुसरी तुकडी. जेऊरला कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचा विल्यम वॉलेस कॅम्बेल आला. त्याची पत्नी एलिझाबेथ हीही मोहिमेत होती. आणि जेऊरलाच आपल्या पुण्याहून कावसजी दादाभाई नायगमवाला आले.

विजयदुर्गाविषयी येथे एक खुलासा केला पाहिजे. किल्ल्यावरचे ओटे दाखवून ‘येथे हेलियमचा शोध लागला’ असे आजही सांगितले जाते. हेलियमची पिवळी रेषा १८६८ सालच्या वेधांतली आहे. त्या वर्षीच्या १८ ऑगस्टच्या खग्रास ग्रहणात जान्सेन हा गुंटूरला होता आणि लेफ्टनंट हर्शेल जमखंडीला. लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होता, आणि त्याने आपले वेध तेथूनच, ग्रहण नसताना घेतले. १८९५ मध्ये रॅमसे याने हेलियम पृथ्वीवरही शोधून काढला. लॉकियर विजयदुर्गाला आला तो त्यानंतर, १८९८ साली. किल्ल्याचा मान कमी होऊ नये, पण तो खऱ्या गोष्टीसाठी मिळावा.

आता कॅमेऱ्यांकडे वळू. या सर्व मंडळींपुढे सूर्य एकच होता आणि वेळही सारखाच, सुमारे दोन मिनिटे. तरीही प्रत्येकाच्या छावणीतली यंत्रे निरनिराळी होती. याचे कारण असे की, प्रत्येकाने सूर्याला विचारायचा प्रश्न आधी ठरवला होता.

कॅम्बेलला प्रभामंडलाचा सूर्याला लागून असलेला भाग आणि बिंबाच्या काठावरून उसळणाऱ्या लाल सौरज्वाला अगदी बारकाव्यानिशी पाहायच्या होत्या. त्यासाठी सूर्याची प्रतिमा मोठी हवी. प्रतिमेचे मान भिंगाच्या नाभीय अंतरावर, म्हणजे भिंगापासून जेथे चित्र स्पष्ट उमटते तेथपर्यंतच्या अंतरावर, अवलंबून असते. त्या अंतराच्या साधारण शंभराव्या हिश्शाहून थोडी लहान अशी सूर्याची प्रतिमा पडते. म्हणून त्याने चाळीस फूट लांबीचा कॅमेरा आणला होता. त्याच्याच वेधशाळेतील शेबर्ले याने ही रचना योजून १८९३ मध्ये चिलीतल्या ग्रहणात वापरली होती. भिंग पाचच इंचांचे, पण नाभीय अंतर चाळीस फूट. त्यामुळे सूर्याचे बिंब साडेचार इंचांचे, म्हणजे बशीएवढे उमटे.

एवढा लांब कॅमेरा दुर्बिणीसारखा फिरवता येत नाही. तो जेऊरच्या माळावर उभारला गेला एखाद्या इमारतीसारखा. वर मनोऱ्यावर भिंग, खाली दुसऱ्या टोकाशी काच, आणि मध्ये उजेड अडवण्यासाठी कापडाचे नळकांडे. ग्रहणाच्या घटकेला सूर्य आकाशात जेथे असणार, त्या बिंदूकडे तोंड करून तो कायमचा रोवलेला. पण सूर्य थांबत नाही. चाळीस फुटांच्या कॅमेऱ्यात त्याची प्रतिमा सेकंदाला पाऊण मिलिमीटरहून अधिक सरकते. दोन मिनिटांत ती जवळजवळ आपल्याच व्यासाइतकी पुढे गेलेली असते. यावर तोड अशी की, कॅमेरा न हलवता काचच घड्याळाच्या यंत्राने प्रतिमेच्या वेगाने रुळांवर सरकवायची. हे सगळे बांधायचे, पारखायचे, स्वयंसेवकांकडून त्याची तालीम करून घ्यायची, आणि ही सारी खटपट दोन मिनिटांसाठी! ढग आला असता तर सारे व्यर्थ. सुदैवाने आकाश स्वच्छ राहिले आणि काचा उत्तम निघाल्या.

आता दुसरी बाजू. पाच इंचांच्या भिंगातून आलेला उजेड चाळीस फुटांवर एवढ्या मोठ्या प्रतिमेत पसरला की तो विरळ होतो. सूर्याला लागून असलेला प्रभामंडलाचा भाग तेजस्वी, त्याला हा विरळपणा मानवतो. पण प्रभामंडलाचे दूरवर गेलेले पुसट किरण अशा कॅमेऱ्याला दिसणारच नाहीत. शिवाय त्याची नजर इतकी अरुंद की ते किरण काचेवर मावायचेही नाहीत.

ते किरण टिपले तळणीला एका लहानशा कॅमेऱ्याने. तो होता अ‍ॅनी माँडर या बाईंचा. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकून त्या १८९१ पासून ग्रिनिच वेधशाळेत गणनेचे काम करीत. १८९५ मध्ये त्यांनी तेथल्याच वॉल्टर माँडर यांच्याशी विवाह केला, आणि विवाहित स्त्रीला सरकारी नोकरी नाही या नियमाने त्यांना जागा सोडावी लागली. वेधशाळेची मोठी यंत्रे हातची गेली. तेव्हा कॉलेजाकडून मिळालेल्या अनुदानातून त्यांनी डॉलमायरचे एक भिंग घेतले. त्याचा व्यास दीड इंच, नाभीय अंतर नऊ इंच. सूर्याचे बिंब यात पडते अवघे दोन मिलिमीटरचे, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान!

ही आकडेमोड वाचकाने घटकाभर मनात धरावी. जेऊरच्या कॅमेऱ्यात नाभीय अंतर भिंगाच्या व्यासाच्या ९६ पट. तळणीच्या कॅमेऱ्यात ६ पट. आजच्या कॅमेऱ्यांवर ‘एफ’ म्हणून जो आकडा छापलेला असतो तो हाच. प्रभामंडलासारख्या पसरलेल्या वस्तूच्या बाबतीत काचेच्या प्रत्येक बिंदूवर किती उजेड पडतो हे या आकड्याच्या वर्गावर ठरते. तो हिशेब केला तर तळणीचा चिमुकला कॅमेरा जेऊरच्या इमारतीपेक्षा सुमारे अडीचशे पट उजेड प्रत्येक बिंदूवर टाकीत होता. त्यात बारकावा नव्हता. पण आकाशाचा मोठा पट्टा एका काचेवर मावत होता आणि पुसटातले पुसट तेज उमटत होते. अ‍ॅनीबाईंच्या काचेवर प्रभामंडलाचा एक किरण सूर्यापासून त्याच्या व्यासाच्या कित्येक पट दूर गेलेला दिसला. तोवर छायाचित्रात आलेल्या किरणांत तो सर्वांत लांब होता.

जेऊरचा कॅमेरा चांगला की तळणीचा? या प्रश्नाला अर्थ नाही. जेऊरच्या कॅमेऱ्याने तळणीचे काम झाले नसते आणि तळणीच्या कॅमेऱ्याने जेऊरचे. पण एक गोष्ट मात्र मनावर ठसते. ज्यांच्यापाशी लक्ष्मीपुत्रांच्या देणगीवर निघालेली मोहीम होती त्यांनी आपल्या प्रश्नाला शोभेल असे मोठे यंत्र आणले. जिच्यापाशी एका अनुदानाएवढाच पैसा होता त्या बाईने त्या पैशात सुटेल असा प्रश्न निवडला. दोघांनीही सूर्याकडून नवे काही मिळवले. साधन थोडे असलेल्या माणसाने मोठ्यांची नक्कल करू नये, आपला प्रश्न नेमका धरावा, हा तळणीचा धडा मोहोळच्या कांदा पिकवणाऱ्या घरालाही लागू पडतो.

नायगमवाला यांची हकीकत आपल्याला अधिक जवळची. ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील अध्यापक. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या मदतीतून तेथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिच्यातली ग्रब याने घडवलेली वीस इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. नायगमवाला यांचा विषय सूर्याचे चित्र हा नव्हताच. सूर्याच्या उजेडाची फोड करून त्यात कोणती द्रव्ये आहेत ते वाचणे हा होता. म्हणून जेऊरला त्यांचा भर होता वर्णपटावर. वर्णपट टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या काचेवर सूर्य ओळखूही येत नाही. दिसतात त्या रेषा आणि कंसांच्या ओळी. रसिकाला त्यात काहीच नाही, शास्त्रज्ञाला सगळे काही आहे. कॅम्बेलनेही वर्णपटासाठी वेगळा कॅमेरा आणला होता आणि त्यातली काच सरकती ठेवली होती. सूर्याची कोर लोपताना वर्णपट क्षणाक्षणाला कसा पालटतो हे एकाच काचेवर लिहून घ्यावे म्हणून. नायगमवाला यांनी जेऊरच्या कामाचा सविस्तर अहवाल पुढे प्रसिद्ध केला. १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली, तिची यंत्रे कोडाईकनालला गेली, आणि त्यांचे नाव महाराष्ट्राने जवळजवळ विसरून टाकले. पुण्यातून ज्यांचे नाव सांगावे अशा शास्त्रज्ञांत त्यांची गणना व्हायला हवी.

बक्सरची गोष्ट थोडी करुण आहे. तेथे नेव्हिल मॅस्केलिनने तयार केलेला हलत्या चित्रांचा कॅमेरा नेला होता. ग्रहण हे घडत जाणारे दृश्य. ते एका काचेवर का धरावे, घडतानाच का टिपू नये, असा त्यामागचा विचार. चित्रे घेतली गेली, पण परतीच्या प्रवासात ती फिल्मच चोरीला गेली. कॅमेरा अचूक निवडला तरी काढलेले चित्र सांभाळून ठेवण्याची सोय हा निवडीचाच भाग असतो, हे जगाला फार लवकर कळले म्हणायचे.

कॅम्बेलचा उत्तरार्ध सांगितल्याविना हे प्रकरण पुरे होणार नाही. आइनस्टाइनच्या सिद्धान्तानुसार सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा किरण वाकतो की नाही, हे पाहायचा प्रश्न पुढे उभा राहिला. त्यासाठी सूर्याची मोठी प्रतिमा कामाची नव्हती. सूर्याभोवतीचे पुष्कळ तारे एकाच काचेवर, न पसरता, टोकदार ठिपक्यांसारखे हवे होते. १९१४ च्या ग्रहणासाठी रशियात गेलेली यंत्रे महायुद्धामुळे तिकडेच अडकली. १९१८ च्या ग्रहणात उसनी भिंगे लावून पाहिली, ती या कामाला पुरी पडली नाहीत. अखेर १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉलल येथे कॅम्बेल आणि ट्रम्पलर यांनी या प्रश्नासाठी मुद्दाम पंधरा फुटी आणि पाच फुटी असे जोड-कॅमेरे वापरले आणि किरण वाकतो हे निर्विवादपणे दाखवले. जेऊरला चाळीस फुटांचा मनोरा उभारणारा माणूस तो हाच. प्रश्न बदलला, त्याने कॅमेरा बदलला.

ग्रहणाच्या आकाशातून आपल्या मातीवर यायचे तर त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके पुढे उभे राहतात. १९१२ च्या फेब्रुवारीत ते विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले. तेथे ‘बायोस्कोप’ या पत्राच्या संपादकाने त्यांना आधी या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. पण माणूस ऐकत नाही असे पाहून सेसिल हेपवर्थच्या चित्रगृहात नेले. यंत्र घ्यायचे ते जाणत्यांना विचारून, चालवून पाहून, या रीतीने फाळक्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा निवडला. घरी आल्यावर त्यांनी मोठे कथानक हाती धरले नाही. कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभर रोपाची वाढ थोडी थोडी टिपली. ‘अंकुराची वाढ’ हे ते चित्र मिनिटभराचे. पण यंत्र काय करू शकते आणि आपला हात त्यावर किती बसला आहे, या दोन्ही गोष्टी त्या मिनिटात भांडवल देणाऱ्यांना कळल्या. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी लोकांपुढे आला, त्याचे बी या कुंडीत होते. आणि कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी तर १९१८ मध्ये कॅमेरा स्वतःच घडवला आणि त्यावर १९२० चे ‘सैरंध्री’ काढले.

आता पुन्हा मोहोळच्या प्रश्नाकडे. डिजिटल एसएलआर म्हणजे एकाच भिंगातून दृश्य पाहायचे आणि त्याच भिंगातून टिपायचे अशी योजना. आतला आरसा दृश्य वर डोळ्याकडे परतवतो. कळ दाबली की आरसा उचलला जातो आणि उजेड मागच्या संवेदकावर पडतो. बिग्जचा कागद, कॅम्बेलची काच, फाळक्यांची फिल्म, त्या जागी आता हा संवेदक. कोडॅकने १९९१ मध्ये निकॉनच्या कॅमेऱ्याला जोडून असा पहिला विक्रीचा संच काढला. १९९९ मध्ये निकॉनचा डी-१ आला. २००३ मध्ये कॅननच्या ३००-डीने किंमत हौशी माणसाच्या आवाक्यात आणली. २००८ पासून आरसा नसलेले, भिंगे बदलता येणारे कॅमेरे निघू लागले आणि २०२० नंतर मोठ्या कंपन्यांचे लक्ष तिकडेच वळले. त्यामुळे आरशाचे चांगले चांगले कॅमेरे जुन्या बाजारात कमी पैशांत मिळू लागले आहेत. अनुदानाएवढ्या पैशात काम साधणाऱ्याला ही संधीच आहे.

घेणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावे. पहिला, काय टिपायचे? लग्नाचा धंदा करायचा तर काम चालणार मंगल कार्यालयाच्या पिवळ्या दिव्यांत आणि पहाटेच्या हळदीत. तेथे तळणीचा न्याय लागू. एफचा आकडा लहान असलेले, भरपूर उजेड घेणारे भिंग हवे. नान्नजच्या माळावर पक्षी टिपायचे तर जेऊरचा न्याय. लांब नाभीय अंतराचे भिंग हवे आणि त्याचा भार पेलणारी तिवई. डाळिंबाच्या पानावरचा रोग टिपून कृषितज्ज्ञाला दाखवायचा तर जवळून टिपणारे भिंग पुरे. बाकीचा खर्च वाया.

दुसरा प्रश्न, टिपलेले कोठे पाहायचे? सहा मेगापिक्सेलचे चित्र दहा इंच रुंद छापता येते, चोवीसचे वीस इंच. अल्बमला पहिलेही चालते, कार्यालयाच्या दारावरच्या फलकाला दुसरे बरे. त्यापुढचे आकडे बहुतेकांच्या उपयोगाचे नसतात. संवेदकाचा आकार मात्र पाहावा. छत्तीस मिलिमीटर रुंदीचा पूर्ण चौकटीचा संवेदक अंधारात अधिक साथ देतो. चोवीस मिलिमीटरचा स्वस्त, हलका, आणि दूरचे पक्षी जवळ आणायला सोयीचा.

तिसरा प्रश्न, पैसा कोठे घालायचा? कॅमेऱ्याचा सांगाडा चार-सहा वर्षांत जुना होतो. भिंग चांगले सांभाळले तर पिढीभर टिकते. शेबर्लेच्या रचनेचा तो चाळीस फुटी कॅमेरा चिलीत चालला, जेऊरला चालला आणि पुढेही अनेक ग्रहणांत लिकच्या लोकांनी वापरला. तेव्हा सांगाडा साधा घ्यावा, भिंग उत्तम घ्यावे, आणि जुना कॅमेरा घेताना त्याची कळ किती हजार वेळा दाबली गेली आहे ते आधी विचारावे. चित्रे दोन ठिकाणी ठेवण्याची सोय करावी. बक्सर विसरू नये. आणि काही झाले तरी ग्रहणाच्या दिवशी योग्य गाळणीवाचून कॅमेरा सूर्याकडे रोखू नये. डोळा आणि संवेदक दोन्ही कायमचे जातील.

हे सगळे सांगून झाल्यावर एक गोष्ट उरते, ती कोणत्याही दुकानात मिळत नाही. १८९८ च्या त्या शनिवारी मोहोळला सूर्याची एक कोर उरली होती. जग जेऊरला जमले, कारण जगाचा प्रश्न सावलीच्या पट्ट्यातला होता. मोहोळचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते जेऊरचे किंवा कॅलिफोर्नियाचे कोणी येऊन विचारणार नाही. सीनेच्या पात्राचे काय झाले, उसाखाली आणि डाळिंबाखाली ज्वारीची राने कशी गेली, यात्रेतली कोणती वाद्ये आता वाजत नाहीत, आजीचा चेहरा सत्तराव्या वर्षी कसा होता, हे टिपायचे तर ते गावच्याच मुलाने टिपायचे. बापू गोखल्यांचा चेहरा गेला तो गेलाच. त्या वेळी साधनच नव्हते. आज साधन कोणाजवळ नाही? लग्नांच्या कमाईतून हप्ता फेडता फेडता आठवड्याची एक दुपार जर त्या मुलाने या कामाला दिली, तर बापाच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी तयार असेल. आणि त्याला लागणारा कॅमेरा, बहुतेक वेळा, दुकानदाराने दाखवलेल्यापेक्षा बराच स्वस्त निघेल.